अक्काच्या डोक्यावर कावळा

“शिवा की आता. किती मान करून घ्यायचा?” अक्का गच्चीच्या कठड्यावर बसलेल्या कावळ्याला म्हणाली.

पितृपंधरवडा चालू होता आणि त्या दिवशी दाजींची तिथी होती. अक्कानं सकाळपासून खपून खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं रांधलं होतं. केळीच्या पानावर वाढून पान गच्चीत ठेवलं होतं. मी मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. कावळा मान वाकडी करून एकदा पानाकडं बघायचा, एकदा अक्काकडं. पानाजवळ यायला तयार नाही.

“अहो, काय राहिलंय मनात? खिरीत वेलदोडा घातलाय. वडे तुम्हाला आवडतात तसे कडक तळलेत.”

“अक्का, आपण आत जाऊ. माणसं गेली की खाईल तो.”

“तू गप रे बापू. हयात असतानाही यांचं असंच होतं. ताट वाढलं की पेपर उघडायचे.”

मग ती दोन पावलं पुढं गेली, हात जोडले आणि आवाज उतरवून म्हणाली, “बोलावते मी त्याला. बोलावते. मग तर झालं?”

कावळा उडाला. पण पानावर नाही, सरळ तिच्या डोक्यावर येऊन बसला. तिच्या पांढऱ्या केसांत त्याची नखं रुतलेली मला दिसली. एकदा ओरडला आणि चिंचेच्या झाडाकडं निघून गेला. पान तसंच राहिलं.

मला हसू आलं, हे खरं आहे. गेली कित्येक वर्षं मी दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहीत होतो. पडक्या चावड्या, बंद खोल्या, उलट्या पावलांच्या बायका यांच्यावर माझी दिवाळी साजरी व्हायची. आणि एवढा नामी प्रसंग मला कधी सुचला नव्हता. “अक्का, हा घेतो बरं का गोष्टीत,” मी म्हणालो.

अक्का वळली. तिचा चेहरा बघून मी तांब्या खाली ठेवला.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यावर ती माझ्याकडं राहायला आली, आणि माझी बायको गेल्यावर घर तिनंच चालवलं. मी शाळेतून निवृत्त झालो होतो तरी गल्लीतली मुलं संध्याकाळी ओसरीवर अभ्यासाला येत. मी त्यांना भागाकार शिकवायचो, अक्का त्यांना गूळ-शेंगदाणे द्यायची आणि वर दटावायची.

पण तिचं खरं काम निराळं होतं. माझी प्रत्येक गोष्ट छापायला जाण्याआधी तिला वाचून दाखवायची, असा नियमच होता. ती वाती वळत ऐके. मधेच म्हणे, “ते कुत्र्याचं रडणं काढ. परवाच्या गोष्टीत झालंय.” मी म्हणे, “अगं, ते वाचक वेगळे, हे वेगळे.” “वाचक वेगळे असतील, कुत्रं तेच आहे. एकदा वापरलेलं परत वापरायचं नाही.” आणि मला ते कुत्रं हाकलावं लागे.

तर अशी ही माझ्या भुतांना न घाबरणारी बाई त्या दुपारी पान न उचलता खाली आली, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि जेवली नाही.

संध्याकाळी शेजारच्या बनूबाई आल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आमच्या गल्लीत बातमी आधी पोचते, माणूस मागून.

“गुरुजी, डोक्याला कावळा शिवला म्हंजी साधं न्हाई,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “खबर धाडा.”

“कसली खबर?”

“आता तुमास्नी काय सांगायचं? एवढी पुस्तकं लिवता. अक्का गेल्या म्हणून जवळच्या माणसाला खबर धाडायची. खोटीच. ते माणूस खरं समजून रडलं, की मरण फिटलं. मग सांगायचं, बाबा, खोटं हाय, ऱ्हा सुखानं.”

मला ही चाल ऐकून माहीत होती. मी हसत म्हणालो, “मग मीच रडतो की. जवळचाच आहे.”

आतून अक्काचा आवाज आला, “तुला माहिताय मी जिवंत आहे. ते चालत नाही.”

म्हणजे ती सगळं ऐकत होती, आणि तिचं ठरलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फक्त चहा घेतला. तिसऱ्या दिवशी तोही अर्धा ठेवला. मी डॉक्टर हिरेमठांना घेऊन आलो. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, जीभ बघितली. बाहेर ओसरीवर येऊन म्हणाले, “शरीराचं काही नाही. भ्यायल्यात. गुरुजी, हे खातं तुमचं आहे, माझं नाही.”

माझंच खातं! मी मुलांना नेहमी सांगायचो, भीतीपासून पळू नका. तिला समोर बसवा आणि प्रश्न विचारा: तू कोण, कुठून आलीस, तुला काय पाहिजे? उत्तरं देता देता ती लहान होत जाते. त्या संध्याकाळी उल्का नावाची एक चुणचुणीत मुलगी पाटीवरचं गणित अर्धं टाकून म्हणाली, “गुरुजी, आज्जींची भीती पण समोर बसवा की.”

“बसवली होती गं.”

“मग?”

“उत्तरंच देत नाही.”

मुलं परत पाटीकडं वळली. त्यांना गूळ-शेंगदाणे द्यायला कुणी उठलं नाही, आणि कुणी मागितलेही नाहीत.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचे वामन शिंपी वारले. म्हातारे होते, बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यांना नेलं तेव्हा त्यांच्या मुलींचा आकांत आमच्या माजघरापर्यंत ऐकू आला. मी जाऊन आलो, आंघोळ केली, अक्काजवळ बसलो. ती उशीला टेकून खिडकीकडं कान देऊन होती.

“धाकटी मोठ्यानं रडतीय,” ती म्हणाली. “मोठीचा आवाज बसला वाटतं.”

“अक्का, दोन घास खा. मऊ भात करतो.”

“वामनरावांनी आयुष्यभर त्या पोरींना शिव्या घातल्या. मापाला उशीर झाला की टेप फेकून मारायचे. तरी बघ.”

मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “मला मरणाची भीती नाही रे बापू. कावळ्याचीही नाही.”

“मग कशाची आहे?”

तिनं तोंड परत खिडकीकडं केलं. पण मला आता कळत होतं. कोण रडणार, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर असलेला माणूस भोपाळला राहत होता.

प्रभाकर तिचा एकुलता एक मुलगा; कावळ्याला ‘बोलावते मी त्याला’ म्हणाली होती, तो हाच. त्यानं आपल्या मनानं दुसऱ्या जातीतली मुलगी केली, सुमन नावाची. लग्नाआधी तो तिला घेऊन पाया पडायला आला होता. अक्कानं दार उघडलं नाही. बंद दाराआडून ती काहीतरी म्हणाली आणि तो निघून गेला, तो परत आलाच नाही. ती काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दर दिवाळीला मी मात्र गुपचूप प्रभाकरला फोन करायचो. तो माझी चौकशी करायचा, मी त्याच्या मुलीची करायचो. आईचं नाव तो काढत नसे.

मी पळवाट शोधली. “अकलूजच्या वच्छीला कळवू या का? मावसबहीण आहे. जीव आहे तिचा तुझ्यावर.”

“वच्छी?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा अक्काच्या ओठांवर हसू आलं. “ती तुझ्या गोष्टी वाचूनसुद्धा रडते. तिचं रडणं धरत नाहीत.”

“मग कुणाला कळवू, तूच सांग.”

“ज्याचं धरतात त्याला,” ती म्हणाली आणि परत भिंतीकडं वळली.

तेवढ्यात बाहेरून अब्बासभाईंची हाक आली. चौकातला एसटीडी बूथ त्यांचा होता. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कुणाचा फोन आला की अब्बासभाई स्वतः चालत बोलवायला यायचे.

“गुरुजी, पुण्याहून संपादकसाहेबांचा फोन. लई चिडल्यात.”

मी बूथवर गेलो. संपादक म्हणाले, “अहो, सगळा अंक लागला. तुमची पानं तेवढी कोरी आहेत. कुठं अडकलंय भूत?”

“घरात आजारपण आहे.”

“तुमच्या घरात? अरेरे. पण शेवटापर्यंत आलायत ना तुम्ही? नायकाला बायको गेल्याची बातमी कळते, एवढंच राहिलंय म्हणालात. एका बैठकीचं काम आहे.”

एका बैठकीचं काम. मी फोन ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. मरणाची खोटी बातमी लिहायला लोक मला मानधन देत होते. आणि इथं माझ्या बहिणीसाठी एक वाक्य बोलायचं, तर मला ते जमत नव्हतं. ते वाक्य बोलणं चूक होतं. न बोललो तर ती माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. तिला समजावू शकत नव्हतो, डॉक्टर औषध देऊ शकत नव्हता, आणि तो कावळा तर सकाळ-संध्याकाळ चिंचेवर बसून आपलं काम चोख झाल्यासारखा पंख साफ करत होता.

शनिवारी सकाळी तिला उठून बसवताना माझ्या लक्षात आलं, की तिचं वजन हाताला लागत नाही. मी अंगात सदरा चढवला.

“कुठं निघालास?”

“जाऊन येतो.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “एकदम सांगू नको त्याला. आधी बसायला सांग.”

अब्बासभाईंनी भोपाळचा नंबर लावून दिला आणि काचेचं दार ओढून घेतलं. पलीकडून प्रभाकरचाच आवाज आला.

“मामा? आज कसा काय? दिवाळी तर लांब आहे.”

“प्रभाकर, तू बसलायस ना?”

“हं. काय झालं?”

“अरे, अक्का... तुझी आई गेली रे.”

मी वाट बघत राहिलो. तारेतून नुसती खरखर येत होती.

“केव्हा?” त्यानं विचारलं.

“आज पहाटे.”

“त्रास झाला का?”

“नाही. झोपेतच गेली.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मग पुन्हा ती खरखर. “मामा, मी येत नाही. तुम्ही माझी वाट बघत थांबू नका. जे करायचं ते तुमच्या हातून होऊ दे.”

“अरे, आई गेलीय तुझी!”

“ती कधीच गेली, मामा. त्या दिवशी दाराआडून मला काय म्हणाली, तुम्हाला ठाऊक नाही? म्हणाली, ‘आजपासून मी मेले असं समज.’ मी समजलो. स्टँडवर येईपर्यंत समजलो. गाडीत सुमनच्या मांडीवर डोकं ठेवून रात्रभर रडलो. घरी येऊन डोकं भादरलं. आता परत कुठून आणू?”

तो रागानं बोलत नव्हता. मुलाला एखादं गणित येत नसलं की तो सरळ सांगतो, गुरुजी, हे मला येत नाही, तसं बोलत होता. मला ते सोसलं नाही.

“प्रभाकर, ऐक. ती जिवंत आहे.”

“काय?”

मी भराभरा सगळं सांगून टाकलं. दाजींचं पान, कावळा, तिनं अन्न सोडलेलं, बनूबाईंचा उपाय. सांगता सांगता माझं मलाच ते किती वेडगळ वाटत होतं. “फक्त एकदा बोल तिच्याशी. मी तिला रिक्षात घालून बूथवर आणतो. नुसतं ‘आई’ म्हण. जेवायला लागेल ती.”



“मामा,” शेवटी तो म्हणाला, “तुम्ही भयकथा लिहिता, मी आवडीनं वाचतो. पण आमच्यावर नका लिहू.” आणि फोन ठेवला.

मी दार ढकलून बाहेर आलो. अब्बासभाई स्टुलावर बसले होते आणि खांद्यावरच्या पंचानं डोळे पुसत होते. काचेचं दार नीट लागत नसे; त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं होतं आणि पुढचं ऐकायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

“आपली अक्का?” ते म्हणाले. “ईदला माझ्या पोरांना करंज्या कोण पाठवणार आता, गुरुजी?”

“अब्बासभाई, अहो, आहे ती. बरी आहे. ते उगाच... उपाय म्हणून.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि पंचात तोंड खुपसून पुन्हा रडायला लागले.

घरापर्यंतचा रस्ता मोठा नव्हता. पण तेवढ्या वेळात मला एक माणूस रडवायचा होता. मी तो रडवला. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

अक्का उठून बसली होती. केस विंचरले होते.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“बसायला सांगितलं होतंस?”

“हो. पण तो बसला नव्हता बहुतेक. मी म्हणालो, अक्का गेली. तो काही बोललाच नाही. मग एकदम ठक्‌ असा आवाज झाला. फोन त्याच्या हातातून सुटला होता. तो तारेला लोंबकळत भिंतीवर आपटत राहिला. ठक्‌, ठक्‌, ठक्‌. आणि त्याच्यामागं, लांबून, तो रडताना ऐकू येत होता. लहान मुलासारखा. ‘आई गं’ म्हणत होता. सुमन त्याला धरत होती, पण तो ऐकत नव्हता.”

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. “मग?”

“मग काय, मी हाका मारत बसलो. हळूहळू तो आपटायचा आवाज कमी कमी होत गेला. मग सुमननं फोन उचलला. तिला मी खरं सांगितलं, की खोटी खबर होती.”

“त्याच्याशी नाही बोललास?”

“त्याला बोलवेना.”

ती पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहिली. मला वाटलं अजून काही विचारेल. सुचेल ते सांगायला मी तयार होतो. पण तिनं विचारलं नाही. मग मीच म्हणालो, “आणि ते... अब्बासभाईंनी पण अर्धवट ऐकलं. म्हणजे त्यांना खरंच वाटलं. तर ते बसले होते, स्टुलावर. पंचा होता. करंज्यांचं काहीतरी म्हणत होते.”

“अब्बास?”

“हो. मी सांगितलं त्यांना, की आहेस तू. तर आणखीच... जाऊ दे.”

 चिंचेवर कावळा ओरडला. अक्कानं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“भात टाक,” ती म्हणाली. “मऊ कर. वर तूप घाल.”

ती जेवली. मी समोर बसून तिचा एकेक घास मोजल्यासारखा बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीशी होती. आठवडाभर उभी न राहिलेली बाई, तिनं करंज्या लाटल्या, डबा भरला आणि माझ्यापुढं ठेवला.

“अब्बासला नेऊन दे. ईदपर्यंत थांबायला नको.”

“आणि भोपाळला पाठवायच्या का?” मी चाचरत विचारलं.

तिनं परातीतलं पीठ झाडलं. “भोपाळ लांब आहे,” म्हणाली.

संध्याकाळी मुलं आली. गूळ-शेंगदाणे मिळाले. उल्कानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “गुरुजी, दिलं का उत्तर तिनं?” मी म्हणालो, “दिलं.” “काय दिलं?” मी तिला तिची पाटी दाखवायला सांगितली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मुलाच्या प्रश्नाला मी अशी बगल क्वचितच दिली असेल.

मग मी गोष्टीचा शेवट लिहिला. संपादक म्हणाले होते तसं एका बैठकीत झालं. रिवाजाप्रमाणे अक्कापुढं बसलो. ती वाती वळत होती. मी वाचत होतो. दूरच्या शहरात नायकाला फोन येतो. बायको गेल्याचं त्याला कळतं. आणि मी पुढं वाचलं, “फोन त्याच्या हातातून सुटला. तारेला लोंबकळत तो भिंतीवर आपटत राहिला. ठक्‌...”

माझं मलाच ऐकू आलं. पण वाचून झालं होतं.

अक्काचे हात थांबले नाहीत. कापसाची पुढची वात तिनं तळहातावर घेतली, वळली आणि तबकात ठेवली.

“ते काढ,” ती म्हणाली.

 सवयीनं म्हणून गेलो, “का? वाईट आहे?”

“चांगलं आहे. पण वापरून झालंय.”

मी लेखणी उचलली आणि त्या ओळीवर काट मारली. काट वाकडी गेली. मान वर करायचं मला धाडस होईना.

“मग तिथं काय घालू, अक्का?”

“काही घालू नको,” ती म्हणाली. “ऐकलं आणि गप्प राहिला, एवढंच लिही. तसंच होतं.”